खोली नंबर तीन

पाटीवर 'बुटीक हॉटेल' लिहून घे, असं मुलीनं पुण्याहून कळवलं.
पेंटर परुळ्याचा. त्यानं निळ्या रंगात, वर दोन माड काढून, तसं लिहिलं.
आठवड्याभरात वाडीतल्या दोघी
ब्लाउजपीस घेऊन दारात:
"गे बाय, शिलाई कितकी घेतंस?"

भोगव्याला उताराच्या वळणावर तीन खोल्या.
खाली दोन, वर एक.
वरच्या खोलीतून कर्लीची खाडी समुद्राला मिळताना दिसते,
म्हणून तिचे पाचशे जास्त.

नऊ वर्षं चादरी बदलते आहे.
चादर आपणहून सांगते, विचारावं लागत नाही.
नवीन लग्न: वाळू, चेंगरलेल्या कळ्या, एक हरवलेली फिरकी
(फिरक्यांचा माझ्याकडे एक डबाच आहे).
जुनं लग्न: दोन काठांना दोन खळगे
आणि मधून गेलेली चार्जरची वायर.

एकदा इचलकरंजीचं एक जोडपं आलं, सत्तरी ओलांडलेलं.
बाई जिना चढताना तीनदा थांबल्या.
सकाळी पाहते तर उशा पायथ्याशी.
पडल्यापडल्या पाणी दिसावं म्हणून
दोघं उलटी झोपली होती.
मला हे कधी सुचलं नव्हतं.
मी त्या पलंगावर कधी पाठच टेकली नव्हती.

सहदेव पहाटे निवतीला जातो, बांगडे नाहीतर सुरमई,
मिळेल ते.
मग पंप. मग नारळ. मग होडीवाल्याला फोन.
कुणी 'कँडललाइट' मागितलं
की करवंटीत मेणबत्ती रोवतो
आणि पाहुण्यांना गंभीरपणे सांगतो,
वाऱ्याला सांगून ठेवलंय.
आमचं बोलणं एवढंच:
गॅस संपत इलो. वरच्यांका गरम पाणी. चादरी वाळल्यो?
आमची खोली स्वयंपाकघराच्या मागे.
तिची खिडकी टाकीकडे उघडते.

मार्गशीर्षातला मंगळवार.
वरचं बुकिंग ऐन संध्याकाळी रद्द झालं,
सोलकढी झालेली, मासे मुरलेले,
पलंगावर टॉवेलचे दोन राजहंस बसवलेले.
(मुलीनं व्हिडिओ पाठवून शिकवले.
एकाची मान माझ्याकडून नेहमी पडते.)
मी दिवा मालवायला वर गेले ती
कडेवर जरा बसले.
तो मला बोलवायला आला
आणि चपला काढून दारातच उभा राहिला,
देवळात राहतो तसा.

"चादर चुरगाळतली," म्हणाला.
"बदलणारी मीयाच मां," म्हटलं.

मग राजहंस खुर्चीवर गेले.
उशा पायथ्याशी आल्या.
त्याच्या हाताला मासळीचा वास, माझ्या हाताला लसणीचा,
चार वेळा धुऊनही.
समोर अंधार होता, आणि खूप लांब खडकावरचा दिवा,
यायचा, जायचा,
त्यात त्याचं नाक दिसायचं. मग नाही.
आम्ही काय बोललो ते मी इथे लिहिणार नाही.
बरंचसं गॅसबद्दलच होतं.

सकाळी चादर भिजत टाकली
तेव्हा ती उलगडून पाहिली नाही.

पोलिसांच्या नियमाप्रमाणे आम्ही रजिस्टर ठेवतो.
दुपारी हिशोबाला उघडलं तर
त्याच्या वाकड्या अक्षरात एक नवी ओळ:
नाव: दोघे.
कुठून आलात: स्वयंपाकघरामागून.
येण्याचं कारण: या रकान्यात काहीतरी लिहून खोडलेलं,
उजेडात धरलं तरी वाचता येत नाही.
निघण्याची वेळ: साडेपाच, दूधवाल्याच्या आधी.
अभिप्राय: उशा पायथ्याशी ठेवाव्यात.
पंपाचा आवाज येतो.