थोडं थांबावं लागतं

माझगावात, इसाक पारकरच्या गॅरेजात
माझी गाडी बॉनेट उघडून उभी आहे,
दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखी.
लाल, दोन सीटची, सोळाशे सीसी, वय एकोणीस.
वायपरखाली त्याने दोन कागद खोचलेत.
एकावर लिहिलंय "न्याचरल".
दुसऱ्यावर "नव्वद घोडे जास्त", खाली दोन रेघा.

खर्च जवळपास सारखाच.
न्याचरलमध्ये कॅम बदलायचा, हेड घासायचं,
चार सिलिंडरना हवेसाठी चार वेगळी तोंडं द्यायची,
आणि एवढं करून घोडे वाढणार पस्तीस.
"हिशेब करू नका बाय," पारकर म्हणतो,
"हिशेबाची माणसं माझ्याकडं येतच नाहीत."

मग तो टर्बो हातात देतो.
बिडाचा शंख, आत पातळ पाती.
बोटाने फिरवली तर बराच वेळ फिरत राहतात.
जो धूर मागच्या मागे सोडून द्यायचा
त्यालाच हाक मारून या चक्कीला जुंपायचं,
आणि टाकलेल्या श्वासाच्या जोरावर
नवा श्वास आत कोंबायचा.
युक्ती मला आवडते. भंगाराची गल्ली इथून चार पावलांवर आहे.

"फक्त," पारकर म्हणतो, "पाय दिलात की
लगेच काय होत नाय.
थोडं थांबावं लागतं.
मग येतं ते सगळं एकदम."

हे तो मला सांगतोय.

चौथीत नव्या बाईंनी नाव विचारलं.
व, म्हणाले मी. व. व.
बाईंनी हजेरीपटात बघितलं. "वैजयंती ना? बस खाली."
तेव्हापासून माझी वाक्यं
घाईतल्या भल्या माणसांनी पूर्ण केली आहेत.
टॅक्सीत "वरळी" निघत नाही म्हणून
हाजी अली सांगून
उरलेलं चालत गेले आहे, भर मे महिन्यात, साडीत.
बॅलार्ड पिअरला जहाजांच्या विम्याचे दावे लिहिते.
लिहिण्यात मी कधीच अडत नाही.

ही गाडी घेतली तेव्हा पहिल्यांदा
काही विचारलं आणि त्याच क्षणी उत्तर आलं.
अंगठ्याएवढा दाब, अंगठ्याएवढी धाव.
सात हजारांवर तिचा आवाज
पातळ होत जातो, फाटत नाही.
पायाला जीभ नसते, हे मला तिने सांगितलं.

म्हणजे ठरलंच होतं.
पण गेल्या रविवारी पारकरने
हिरजीशेठची टर्बोवाली दिली, "एकदा चालवून तर बघा" म्हणून.
पहाटे पावणेसहा, फ्रीवे मोकळा,
उजवीकडे शिवडीचा चिखल अजून काळा.
तिसऱ्या गिअरवर पाय दाबला.

काही नाही.

तीच पोकळी. ओळखली मी तिला.
टाळ्याला चिकटलेली, गरम,
आत सगळं तयार आणि बाहेर काहीच नाही.
फक्त शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं
माझ्याऐवजी बोलायला.
मी थांबले. गाडी थांबली माझ्याबरोबर, धावता धावता.
आणि मग शब्द नाही, अख्खा परिच्छेद आला,
मान मागे आपटली,
चेंबूरपर्यंत मी एकटी मोठ्याने हसत होते.

चार दिवस झाले.
उशिरा येणाऱ्याचा अभिमान धरावा
की आयुष्यात एक तरी जागा अशी ठेवावी
जिथे मला उशीर होत नाही?
बोनसचे पैसे बँकेत पडून आहेत.
गाडी बॉनेट उघडून पडून आहे.

आज दुपारी त्याचा फोन.
"बाय, काय ठरलं?"
"न," मी म्हटलं.
मागे ग्राइंडर चालू होता. त्याने तो बंद करायला लावला.
"न."
दोन्ही कागद न पासूनच सुरू होतात, त्यालाही ठाऊक आहे.
कुठलाही एक त्याला उचलता आला असता.
तिकडे कुणीतरी पाना खाली ठेवला.
गोदीत कुठलंसं जहाज लांब भोंगा देत होतं.
पारकर काही बोलला नाही.