चौथं नाव

जिल्ह्याला नावं पाठवायची, पाचच्या आत.
चार दिवस, चार सामने, रोज नवा हात.
असं वरून आलेल्या कागदात नाही,
ते मी ठरवलंय. कागदात नुसतं 'पिचर' लिहून
पुढे रेघ मारलेली आहे.

शाळेमागचं मैदान, पलीकडे संत्र्याची बाग,
तिच्यावर निळसर सातपुडा.
प्लेट म्हणजे खताच्या पोत्याचा तुकडा,
कोपऱ्यांना खिळे.
वेग मोजायचं यंत्र मी फक्त मोबाइलवर पाहिलंय.
मी आवाज ऐकतो.
ग्लोव्हमध्ये चेंडू शिरताना 'फट्' झालं तर पोरगं बरं,
'थप्प' झालं तर थांबा, घाई नको,
आणि कधीकधी काहीच ऐकू येत नाही,
कारण चेंडू बागेत गेलेला असतो.
मग कोणीतरी कुंपणाखालून सरपटत जातं
आणि चेंडूबरोबर दोन संत्री घेऊन येतं.

अझहर काझी. उंच, हात गुडघ्याला टेकतील असे.
पहिले दहा चेंडू बघून वाटतं, झालं आपलं काम.
अकराव्याला तो प्रेक्षकांकडे बघतो.
प्रेक्षक म्हणजे तीन बकऱ्या आणि हेडमास्तर.

सुखलाल बेठेकर आश्रमशाळेतून आला,
सकाळच्या एसटीनं, बूट पिशवीत ठेवून.
प्रत्येक चेंडूआधी विचारतो, "सर, कुठं?"
मी बोट दाखवतो. चेंडू तिथे.
त्याचा पाय नियमात बसत नाही.
पाय शिकवता येतो. 'कुठं' शिकवता येत नाही.

सुमेध ढोके हळू टाकतो. इतका हळू
की मारणारा आधीच बॅट फिरवून मोकळा होतो
आणि चेंडू मागाहून येतो, लग्नात उशिरा पोचलेल्या
पाहुण्यासारखा, कोणाची काही तक्रार नसते.

आणि चौथा, हर्षल खंडारे.
फट्.
फट्.
फट्.
बकऱ्या उठल्या. हेडमास्तरांनी चष्मा पुसला.

याच्या काकाला, दिनूला, मी नऊ वर्षांपूर्वी
ओळीनं तीन दिवस टाकायला लावलं.
तिसऱ्या सकाळी तो म्हणाला,
"सर, कोपर लय ठणकून राह्यलं."
मी म्हणालो, फायनल आहे, बाप्पा.
कप ऑफिसात आहे.
त्यात आता खडूचे तुकडे ठेवतात.
दिनू पलीकडच्या बागेत संत्री तोडतो, डाव्या हातानं.
उजव्यानं शिडी धरतो.

आधी मी हात बघायचो. खांदा, मनगट, बोटांची लांबी.
आता दहा चेंडूंनंतर जवळ जातो आणि विचारतो, दुखते का?
सुमेध म्हणाला, थोडं, इथं.
सुखलालनं हात फिरवून बघितला, मग सांगितलं.
अझहर हसला.
हर्षल प्रश्न संपायच्या आत म्हणाला,
"काईच नाई होत मले, अजून टाकतो नं, सर."
पेन्सिल तिथेच थांबली.

"वीस झाले, सर."
कुंपणाच्या पलीकडून आवाज आला.
दिनू शिडीवर उभा होता, टोपली अर्धी.
तो मोजत होता, हे मला माहीत नव्हतं.
मी नव्हतो मोजत.

हर्षलला बसवलं. तो रुसला, बुटाच्या टोकानं माती उकरत.
मी नाव लिहिलं. चौथा दिवस.
पुढे लिहिलं, पन्नास चेंडू, एकही जास्त नाही,
पोरगं नाही म्हणालं तरी विचारायचं.
कागदात तसा रकाना नाही.
समासात लिहिलं, आडवं, बारीक अक्षरात.
जिल्ह्याला कोण वाचणार, देव जाणे.
म्हणून एक नक्कल खिशात ठेवली, चौथ्या दिवशी
मीच डगआउटमध्ये असणार.

बागेतला एक चेंडू राहिला होता.
दिनूनं तो फेकला, डाव्यानं.
निम्म्या मैदानात टप्पा पडला,
मग गवतातून घरंगळत येता येता
माझ्यापासून चार पावलांवर थांबला.
मी जाऊन उचलला.
पाचला बारा मिनिटं होती,
बाबू कुलपाची किल्ली हलवत उभा.