रात्री दोनची खूण

एक बोट चुकलं,
अन् अख्ख्या गावाची कुटुंबनोंद गेली.
कचरापेटीतही नाही.
"काऊन घाबरता वो, म्याडम," दिवाकर शिपाई म्हणाला,
"मशीनले इच्यारून तं पाहा."

मशीन रोज रात्री दोनला
काही उचलत नाही, हलवत नाही,
नुसती खूण करतं: हे इथं होतं.
सोमवारच्या रात्रीची उघडली.
सगळे परत आले,
माझ्या वेलांट्यांच्या चुकांसकट.

सोमाजी कुळमेथेही.
मंगळवारी दुपारी ज्याला नाल्याकडे नेलं
तो रकान्यात हयात, वय एकाहत्तर.
आणि रंजू टेकामची पोर,
मंगळवारी सकाळची,
अजून जन्मायचीच.

पोरीला आधी भरलं.
"अन् सोमाजीले?"
कर्सर लुकलुकत राहिला.
म्हटलं, लाइन जाईल आता,
आल्यावर पाहू.