माझं काम हँडल हलवायचं

वर्षातून चारदा
लिंडक्विस्टबाई माइकवर म्हणतात, "लॉकडाउन. हा सराव आहे."
सराव हा शब्द त्या दोनदा म्हणतात,
दुसऱ्यांदा जरा हळू.

मग अख्खी शाळा श्वास आत ओढून घेते.
खोल्यांतले दिवे जातात,
दारांच्या काचांवर काळं कापड पडतं,
आणि बाहेरच्या नेब्रास्कासारखा
सपाट, लांबच लांब कॉरिडॉर
माझ्या एकट्याच्या वाट्याला येतो.

काम तसं सोपं.
एकेका दाराचं हँडल हलवायचं,
उघडलं तर कागदावर फुली.
हळू हलवून भागत नाही.
शेरीफचा माणूस शिकवायला आला होता, तो म्हणाला,
"ऑर्विल, तूच तो आहेस असं समज."

मी तो आहे असं समजतो.
मी, ज्यानं छपरावरून आजवर एकशे बारा चेंडू काढून दिले,
ओकाऱ्यांवर भुसा टाकला,
अडकलेल्या झिपा सोडवल्या,
एकदा तर पाना लावून बेसिनच्या नळीतून
पडलेला दुधाचा दात.

किल्ल्यांचा जुडगा मुठीत दाबून धरतो.
तो वाजला की पोरं ओळखतात,
आणि आज ओळखून चालायचं नाही.

सात नंबर. बंद.
आठ. बंद. आत हॅम्स्टरचं चाक फिरतंय,
त्याला कुणी सांगितलेलं नाही.
नऊला दाराखालच्या फटीतून
लाल उजेड. विझला. पुन्हा लाल.
पाऊल टाकलं की लुकलुकणारे ते बूट असतात ना, ते.
पाय थरथरला तरी लुकलुकतात
हे आज कळलं.

हँडल धरलं. हलवलं. जोरात.
आणि आतून, माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून,
एझ्रा व्रानाचा आवाज:
"मिस्टर हॅस्केट, तुम्हीच ना?"

कोपेकीबाईंचं श्श.
मग काही नाही.

उत्तर द्यायचं नसतं.
नियम बरोबर आहे, मी त्याच्याशी भांडत नाही.
तो खरंच आला तर तोही म्हणेल, हो, मीच.
तोही म्हणेल, उघड बाळा.
पण एकोणीस वर्षांत
कुणा पोरानं हाक मारली आणि मी ओ दिली नाही
असं झालं नव्हतं.
जीभ टाळूला चिकटवून उभा राहिलो,
माझ्याच बुटांवरचं रस्त्याचं मीठ बघत.

मग कागदावर नऊसमोर बरोबरची खूण केली.
पेन उमटेना. दोनदा गिरवली.

दुपारी काही काम नसताना
नऊवरून तीन चकरा मारल्या, किल्ल्या वाजवत.
कुणी मान वर केली नाही. वजाबाकी चालू होती.

संध्याकाळी शाळा रिकामी झाल्यावर
स्क्रूड्रायव्हर घेऊन तिथं गेलो.
हँडल ढिलं झालं होतं, माझ्याच हलवण्यानं.
आवळलं.
मग हलवून पाहिलं,
या वेळी हळू.