चेकर नंबर एकतीस

ट्यूबलाइटखाली टॉवेल पसरायचा,
तळवा फिरवायचा, एकदा सुलट, एकदा उलट.
सुटलेला फासा, तेलाचा डाग, ताणलेली किनार,
दोष दिसला की खडूची खूण.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
सतरा वर्षं मी हेच बघत आलेय.

नुदरतचा फोन येतो तेव्हा तिच्याकडे रात्रीचा एक.
तिची नानी हुर्मतबी, माझ्या अम्माची थोरली बहीण,
पन्नास साली पाच्छा पेठेतून कराचीला गेली,
दोन पातेली आणि एक चादर घेऊन.
नुदरत तिथूनही पुढे गेली. ब्रॅडफर्ड.
मराठी तिला एकच शब्द येतो : शेंगा.
नानीसारखाच म्हणते, गा लांबवून.

हॉटेलात मेजवान्यांची पाळी होती, पगार दीडपट.
पेले भरायचे होते, वाइनचे.
ती म्हणाली, जेवण वाढते, टेबलं पुसते, तेवढं नको.
मॅनेजर ओरडला नाही.
तळघरात पाठवलं, लॉन्ड्रीत, कमी पगारावर.
तिथे घड्या घालताना
एका टॉवेलच्या कोपऱ्यात लेबल : सोलापूर.
फोटो आला. खाली लिहिलेलं,
"खाला, ये तुम्हारा हाथ है ना?"
तो आमच्या कारखान्याचा नव्हता,
किनारीवरूनच कळलं.
मी लिहिलं, हौ बेटा.

आता घर घेऊ का, विचारते.
बँक व्याज लावणार.
भाड्याच्या खोलीत छताला ओल, पोराला खोकला,
मशिदीतले दोघे दोन सांगतात.
मी काय सांगू?
बचत गटाचं व्याज मी दर दहा तारखेला भरते,
सही करताना रजिस्टरकडे बघत नाही.
हे बोलले, तेव्हा बराच वेळ
फोनमधून नुसती त्यांच्या पाइपांची घरघर.
मग म्हणाली, "अच्छा हुआ बोले."
घराचं तसंच राहिलं.

"तुम्ही तर आपल्या गावात, खाला.
तुम्हाला काय अवघड?"
मी तिला खोक्यांच्या थप्पीमागची जागा सांगितली,
हात दीड हात रुंद,
आणि तेवढा वेळ माझा खडू धरून
उभी राहणारी रेणुका कोडम.

व्हिसाचा अर्ज दोनदा परत आला तिचा.
नानीचा जन्म कुठला, असा एक रकाना होता.
तिने खरं लिहिलं.

कराचीहून तिची अम्मी रोज बजावते,
मगरिबमधे राहून ईमान सांभाळ.
मला हसू येतं.
मगरिब म्हणजे मला सांजेची नमाज,
मगरिब म्हणजे पॅकिंगची भिंत,
तिकडेच तोंड करून मी उभी राहते, जरा उत्तरेला कलून.
तिला पूर्वेकडे वळावं लागतं, दक्षिणेला कलून.
डिसेंबरात तिची जेवणाच्या सुट्टीतली जुहर
आणि माझी मगरिब
चार-पाच मिनिटांच्या अंतराने येतात.
तेव्हा आम्ही समोरासमोर असतो,
मधे अख्खा समुद्र, वाळवंट,
आणि ते काळं घर.

सलाम फिरवला की खांद्यापलीकडून रेणुका :
"आटपलं का? कंटेनर लागलाय.
एकतीसचा शिक्का राहिलाय या गठ्ठ्यावर."