अठरा पाउंड

डांबर जिथे संपतं तिथे माझं दुकान.
एक कॉम्प्रेसर, दोन खुर्च्या, घाफचं एक झाड
आणि पाटी. तिच्यावरचं माझं नाव वाळूने खाल्लं,
‘हवा’ तेवढी उरली आहे.

सकाळी मी हवा सोडतो, संध्याकाळी भरतो.
दोन्हीचे पैसे घेतो.
आई म्हणते, खल्फान, असला धंदा
सैतानालाही सुचला नसता.

शुक्रवारी ते येतात मस्कतहून,
उंच केलेल्या जीपा, टपावर फावडी,
फावड्यांवर किमतीची चिठ्ठी अजून तशीच.
भाड्याच्या गाडीतलं जर्मन जोडपं विचारतं,
वाळवंट नेमकं कुठून सुरू होतं?
मी माझ्या चपला दाखवतो.

पस्तिसावरून अठरावर.
व्हॉल्व्हपाशी वाकलं की सुस्कारा ऐकू येतो,
टायर पसरतो, जमिनीवर बसतो.
मी सांगतो, उंटाचा तळवा बघा,
त्यातली हवा घडवणाऱ्याने
आधीच कमी करून पाठवली आहे.
ते हसतात. उंटाचा फोटो काढतात.

मुहन्नद मात्र पंचविसावर हात धरतो.
बसकी चाकं गाडीला शोभत नाहीत म्हणे.
मागच्या शुक्रवारी मोठ्या टेकडीच्या कण्यावर
त्याने जितका जोर लावला
तितका तो खाली गेला,
दारापर्यंत.
मित्र लांब उभे. वर ड्रोन
घारीसारखा, सगळं टिपत.

आई आली. रंग उडालेली पिकअप,
मागे बकऱ्यांचा चारा,
स्टिअरिंगवर मेंदीची बोटं.
लगेच उतरली नाही. काच खाली करून
वाळूकडे बघत राहिली,
उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी.
मग म्हणाली, पोरा, हिच्यावर रागावून उपयोग नाही.
पाय काढ.

चाकं अजून बसकी केली, दोर बांधला,
आणि हळू, इतकी हळू ओढली
की काही होतंय असं वाटेचना.
आणि गाडी सुटली,
पिकल्या खजुरातून बी सुटते तशी.

त्याने नोटा पुढे केल्या. तिने मोजल्या,
निम्म्या परत दिल्या.
वर दोन पोती चारा दिला:
माझी बहीण जुन्या विहिरीपाशी राहते,
वाटेत टाकून जा.
ती वाट कुठल्याच वाटेत नव्हती.

रात्री, इशाच्या नमाजानंतर, तो परतला.
बाकीचे केव्हाच निघून गेले होते.
दुसऱ्या खुर्चीवर बसला, बुटातली वाळू
ओतत, पुन्हा ओतत.
म्हणाला, मावशीने तीनदा कॉफी पाजली.
आणि विचारलं,
त्या टेकडीवर तुझं काय हरवलं होतं?

मी पहिल्या चाकाला नळी लावली होती.
मग, काय सांगितलंस?
तो काहीतरी बोलला,
बराच वेळ बोलत होता.
कॉम्प्रेसर चालू होता.
काटा अठरावरून वर चढत होता,
वीस, बावीस,
आणि मला ऐकू आलं नाही.