एकवीस नंबर

अंबडला आमच्या शॉपमध्ये एकवीस नंबर म्हणजे
खिडकीजवळची जुनी मिलिंग, जी शनिवारी रुसते.
डॉक्टर बोरस्ते मॅडमकडे एकवीस नंबर म्हणजे
माझा वरचा, डावा, अगदी पुढचा दात,
जो स्पॅनर निसटला त्या दिवशी
अर्धा मोडून कूलंटच्या ट्रेमध्ये पडला.
शोधला मी. ॲल्युमिनियमच्या बुऱ्यात
पांढरं काय आणि किती वेळ शोधायचं?

मग तीन महिने रुमाल.
मीटिंगमध्ये रुमाल, लग्नांत रुमाल,
भाचीच्या बारशाचा पेढासुद्धा रुमालाआडून.

मॅडमच्या वडिलांकडे, रविवार कारंजावर,
पूर्वी दाढेचं माप दिलं होतं.
गुलाबी लगदा घशापर्यंत उतरला
आणि मी त्यांच्या बोटाला चावलो.
आता गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर
पेनासारखी दांडी, टोकाला निळा उजेड.
ती हिरड्यांवरून फिरत गेली तसं पडद्यावर
माझं तोंड येऊ लागलं, धुकं हटताना
रामशेज येतो तसं:
आधी कडा, मग घळ, मग एकदम सगळं.

विचारलं, टॉलरन्स किती?
मॅडमनी मान वर करून पहिल्यांदाच नीट बघितलं.
कडेला पन्नास मायक्रॉन, म्हणाल्या.
आम्ही दहात बसवतो, मी म्हणालो.
दोघंही हसलो. मी रुमाल लावून.

मग म्हणाल्या, हसतानाचा जुना फोटो आणा,
दात दिसणारा. डिझाइनला लागतो.

तीन अल्बम, फोनमध्ये अकरा हजार,
सगळीकडे मी ओठ मिटून, लायसनवरच्यासारखा.
मीनल म्हणाली, लग्नातही तू असाच,
भटजींना वाटलं पोट दुखतंय.
शेवटी गांगुर्ड्यांनी पाठवला:
खंडेनवमी, दोन हजार नऊ, मशीनला झेंडूची माळ,
सगळे समोर बघतायत,
मी एकटाच बाजूला बघून हसतोय,
फ्रेमबाहेर कुठंतरी. कशाला, ते आठवेना.
दात स्पष्ट. एकवीस नंबर जरा वळलेला,
शेजाऱ्याच्या खांद्याला टेकलेला.

दोन आडव्या रेघा, एक उभी,
माझ्या चेहऱ्याचं ड्रॉइंग झालं.
एक दात सरळ केलेला, एक होता तसा.
कोणता?
सव्वीस वर्षं वाकडं दिसलं की
लाल खडूनं फुली मारत आलोय.
म्हटलं, सरळ.

आधी ट्रायलचा चिकटवला, आठवडाभर.
स बोला.
सातपूर, सिन्नर, सिडको, सोमेश्वर.
फ बोला.
फिटिंग. फरसाण.
सगळं बरोबर येत होतं.
आरशातला माणूस कोरा करकरीत,
त्याला माझ्याकडून काहीच उसनं नको होतं.

आठव्या दिवशी फोन केला.
मॅडम, एकवीस नंबर, चार अंश फिरवा,
फोटोतल्यासारखा.
पलीकडे माउसचा आवाज. एवढंच?
एवढंच.

दात कापताना काचेशी उभा राहिलो.
जांभळी वडी, वांग्याच्या सालीसारखी,
बारीक कटर, पाण्याची धार,
माझ्याच धंद्यातली धाकटी भावंडं. सतरा मिनिटं.
भट्टीतून निघाली तेव्हा जांभळं गेलं होतं.
मग लॅबमधल्या तौफिकनं ब्रश घेतला.
काका, तुमचा दुधी नाही, म्हणाला,
ज्वारीच्या भाकरीचा रंग आहे.
आणि मुळाशी चहाची एक रेघ,
मला विचारून, ओढली.

गुरुवारी कँटीनमध्ये गांगुर्ड्यांना विचारलं,
त्या फोटोत मी कशाला हसत होतो हो?
अरे, साहेबांचा नारळ
तिसऱ्या फटक्यालाही फुटला नव्हता.
हात खिशाकडे गेला. रुमाल घरी.
समोरच्या ट्रेनी पोरानं माझ्याकडे बघितलं,
मग परत डब्यातल्या भेंडीकडे.